बसऱ्याला निघालेली हळद

लढाई संपली आणि आमचे हे आखाताकडच्या बसऱ्याहून घरी आले. आल्या आल्या त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. फौजेत ते कोठारावर सुभेदार होते. लढाईची सगळी वर्षं तिकडच्या बंदरात जहाजातून उतरलेला माल मोजून घ्यायचा आणि पुढं वाळवंटात पाठवायचा, हेच त्यांचं काम. आता पाठवायला माल नव्हता आणि हुकूम द्यायला माणसं नव्हती. होते ते माझे डबे. रोज लागणारं पुढं, सणासुदीला लागणारं मागं, जड खाली, हलकं वर, असं सगळं त्यांनी नव्यानं लावलं आणि प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगानं आकडा काढला. मोहरीचा आकडा कुठला हे आठवेपर्यंत माझं तेल जळून जायचं.

आमचं गाव आष्ट्याजवळ. मळ्यात ऊस आणि हळद. मी साताऱ्याला मामाकडं राहून सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळं गावात शहाणी समजली जाई आणि घरात आगाऊ. लग्न झालं आणि हे पलटणीत गेले, ते सुट्टीपुरतेच घरी यायचे. त्यामुळं नवरा घरी असतो म्हणजे नेमकं काय असतं, हे मला लढाई संपल्यावरच कळलं. तो सारखाच घरी असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही तो घरी असावा असं मला फार वाटत होतं. वर्षानुवर्षं मी एकटीनं कुळव, मजूर, दीर-जावा आणि आजारपणं निभावली होती, आणि आता पुन्हा तेच करायची माझी तयारी नव्हती. आणि नेमकं त्याच वेळी, पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेले असताना यांना कळलं की आखातातल्या एका तेलाच्या कंपनीला कोठारं सांभाळायला फौजेतून सुटलेली माणसं हवी आहेत. यांनी नाव देऊन टाकलं. घरी येऊन मला म्हणाले, इथं बसून मी काय करू, तुझे डबे मोजत बसू? मी म्हटलं, मोजा की, आत्तापर्यंत तेच तर करताय. ते रागावून मळ्यात गेले आणि मी रागावून भांडी घासली.

त्यांच्या डोक्यात एक विचार पक्का बसला होता, आणि ओट्यावर येईल त्याला ते तो सांगायचे. त्यांचं म्हणणं असं, की कुठल्या देशात काय पिकतं हे विचारू नये, तिथलं पोतं घरातून निघून गिऱ्हाइकाच्या दारात जाईपर्यंत किती वेळा जमिनीवर टेकतं हे विचारावं. टेकलं की फाटतं, ओल धरतं, मूठभर सांडतं आणि मूठभर कुणाच्या तरी खिशात जातं. आमची हळद मळ्यात टेकते, आडत्याच्या दारात टेकते, वखारीत टेकते, फलाटावर टेकते, पुण्याला छोट्या रुळाच्या गाडीतून मोठ्या रुळाच्या गाडीत घालताना टेकते आणि मुंबईच्या धक्क्यावर तर लोळतेच. पुढं समुद्रात मात्र बसऱ्यापर्यंत पोतं जागचं हलत नाही. म्हणजे परदेश लांब नाही, आपलं स्टेशन लांब आहे, असं ते म्हणायचे. भाऊबंद माना डोलवायचे, चहा प्यायचे आणि उठताना तिकडं वाळवंटात शेळ्या काय खातात ते विचारून जायचे.

बसऱ्यातला एक व्यापारी यांच्या ओळखीचा होता. एकदा सुट्टीवरून परत जाताना यांनी आमच्या हळदीची पुरचुंडी त्याच्यासाठी नेली होती. त्यानं एक हळकुंड मोडून बघितलं, वास घेतला आणि पुरचुंडी परत दिलीच नाही. लढाईनंतर त्यानं मुंबईच्या दलालामार्फत निरोप पाठवला की एक खेप पाठवा, कोरडी आणि न फुटता आली तर दरसाल घेईन. हे ऐकल्यावर आमच्या ह्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, की ही खेप नीट गेली तर मी इथंच राहीन आणि दरसाल माल पाठवीन. नाही गेली तर मी आखातात जाईन. म्हणजे हळद गेली तर नवरा राहणार आणि हळद राहिली तर नवरा जाणार. बायकोला अशी अट घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पण त्या दिवसापासून हळद शिजवायला, वाळवायला आणि घोळायला मी जी लागले ती गडीमाणसांना पाणी प्यायलासुद्धा उसंत दिली नाही.

चैत्रात माल तयार झाला. चार गाड्या भरतील एवढी पोती, दुहेरी शिवलेली, आणि प्रत्येकावर बाण, कुठली बाजू वर ते कळावं म्हणून. पोत्याला वरची बाजू कुठली असते हे मला आजही कळलेलं नाही. सांगलीच्या आडत्यानं कळवलं की मालगाडीचा डबा मिळाला आहे, मंगळवारी दुपारपर्यंत भरला पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्याला जाईल. लढाईनंतर डबे मिळणं म्हणजे देव मिळण्यासारखं होतं. यांनी सोमवारी सकाळी निघायचं ठरवलं.

मी म्हटलं, सोमवारी आपल्या गावात बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. ते म्हणाले, बसऱ्यात असलं काही नसतं. मी म्हटलं, बसऱ्यात बैलही नसतील. गाडीवानांनी तर साफ नकार दिला, कारण सोमवार महादेवाचा आणि बैल महादेवाचा. मग यांनी मंगळवारी पहाटे निघायचं ठरवलं. त्यावर मी सांगितलं की वाटेत माझं माहेर लागतं आणि माझ्या माहेरी मंगळवार पाळतात. देवीचा वार. त्या दिवशी गावच्या हद्दीत औत नाही, गाडी नाही, परक्या गावचा बैलसुद्धा जुवासकट येशीतून जात नाही. यांचं लहानपण चुलत्यांकडं परगावी गेलेलं आणि तरुणपण पलटणीत, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मग म्हणाले, पलीकडच्या गावाला बुधवार असेल. मी म्हटलं, गुरुवार आहे.

दुसरी वाट नदीकाठानं होती, पण तिथल्या मळीच्या मऊ गाळात भरलेली गाडी आसापर्यंत रुतली असती. तेव्हा हे रविवारी स्वतः माझ्या माहेरी परवानगी मागायला गेले. तिथं त्यांना पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, टोपी-उपरणं दिलं. थोरल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि बघू की जावईबापू, असं म्हणाले. हे घरी आले ते खुशीत, परवानगी मिळाली म्हणून. मी विचारलं, नेमके काय शब्द होते? शब्द ऐकून मी कपाळाला हात लावला. आमच्याकडं बघू की म्हणजे नाही, हे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत पाळण्यातल्या पोराला कळतं. फौजेत होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, त्यामुळं यांचा भाबडेपणा जसाच्या तसा राहिला होता.

मंगळवारी पहाटे गाड्या निघाल्या. बाईमाणसाला तांड्यात जागा नाही, असं यांनी आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, तांडा माझ्या माहेरातून जाणार आहे, आणि पहिल्या गाडीत पोत्यांवर चढून बसले. यांनी फौजेतला कोट घातला होता आणि छातीवर बिल्ले लावले होते. हळदीला बिल्ल्यांचा काय उपयोग, असं माझ्या मनात आलं होतं, पण त्या दिवशी मी शक्य तेवढी गप्प राहणार होते.

दिवस उगवता उगवता माहेरची येस आली. येशीत थोरले काका, पाटील आणि आणखी पाच-सात म्हातारी माणसं बसलेली. सगळे उठून उभे राहिले, जावयाला रामराम घातला, पाणी दिलं, गूळ दिला, माझी चौकशी केली. आणि मग काका अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जावईबापू, बैल जूवासंगट आत जायाचं न्हाईत. द्येवीचा वार हाय."

हे त्यांना डब्याचं सांगू लागले, दुपारचं सांगू लागले, जहाजाचं सांगू लागले. म्हातारे सगळं मन लावून ऐकत होते आणि खरं हाय, खरं हाय म्हणत होते. जागचं कुणी हललं नाही. ऊन वर यायला लागलं. मी पोत्यांवर बसून यांच्या पाठीकडं बघत होते. माझ्याच माहेरच्या येशीत माझा संसार अडला होता. काकांचा राग आला, देवीचा आला, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त यांचा आला.

तेवढ्यात यांनी विचारलं, "बैलांस्नी बंदी हाय. मानसांस्नी हाय का?"

म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. माणसाला जू लावायचं नाही असं देवीनं कुठं सांगितल्याचं कुणाला आठवेना. यांनी गाडीवानांना बैल सोडायला लावले, बिल्ल्यांसकट कोटाची बटणं नीट लावली आणि पहिल्या गाडीचं जू आपल्या खांद्यावर घेतलं. दुसऱ्या बाजूला एक गाडीवान लागला. दोघांनी जोर लावला. भरलेली गाडी तसूभर हलली आणि थांबली.

जावई माणूस म्हणजे आमच्याकडं काय असतो ते सांगायला नको. त्याला उन्हात उभं करत नाहीत. त्याचं ताट आधी वाढतात. तो आजारी पडला तर सासुरवाडीची आब जाते. आणि इथं गावचा जावई, फौजेतला सुभेदार, छातीवर बिल्ले लावून येशीत बैलाच्या जागी उभा होता. बघता बघता माणसं जमली. बायका डोक्यावर घागरी घेऊन जागच्या जागी थांबल्या. माझ्या थोरल्या भावाचा चेहरा असा झाला होता की त्याला धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

यांचा मला कितीही ताप असो, त्या क्षणाला माझा राग कुठल्या कुठं गेला. हा माणूस इथं राहण्यासाठी जू खांद्यावर घेतो आहे, एवढंच मला दिसलं. मी गाडीवरून उतरले, पदर खोचला, मागं गेले आणि गाडीला हात लावला. लेकीनं गाडी ढकलली की पुढं काय होणार हे मला चांगलं ठाऊक होतं. मीही त्याच गावची होते.

थोरल्या काकांनी डोक्यावरचा पटका काढून पाटलांच्या हातात दिला. म्हणाले, "लेक ढकलती, जावई वडतूय, आन् गाव हुबं ऱ्हाऊन बघतंय, आसं सांगतील व्हय लोकं?" आणि त्यांनी जू धरलं.

मग काय विचारता. भाऊ आले, चुलतभाऊ आले, तालमीतली पोरं लंगोटावर शर्ट चढवत आली. चारी गाड्यांना माणसं लागली, चांगभलं म्हणून जोर केला आणि गाड्या गडगडत गावात शिरल्या. यांच्या खांद्यावरचं जू केव्हाच काढून घेतलं होतं. त्यांना बाजूनं चालायला लावलं आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. गाव संपलं, शीव आली. इथं बैल जुंपले असते तरी चाललं असतं, पण पोरांना चेव आला होता. दोन गाड्यांत शर्यत लागली. मागून आमचे बैल मोकळ्या खांद्यांनी, गवताला तोंड लावत, रमतगमत येत होते. असा प्रवास त्यांना जन्मात घडला नव्हता.

आमचं गाव खालसातलं, म्हणजे इंग्रजाच्या मुलखातलं. सांगली मात्र संस्थानात. दोन्हींच्या मधे नाका होता. एक आडवा बांबू आणि त्याच्यापाशी एक नाकेदार. मालाला तिथं थांबवून, पोती उघडून, मोजून दाखला देत. पोती उघडायची या विचारानं यांची आदल्या रात्री झोप उडाली होती. पण आता काय झालं, की इतका वेळ पोत्यांना खांदे लावून सगळी माणसं हळदीच्या भुकटीनं माखली होती. तोंडं पिवळी, छात्या पिवळ्या, घामानं ओघळ उतरलेले. मधे छत्रीखाली एक कोटातला माणूस, मागं पदर खोचलेली पिवळी बाई, आणि चांगभलंचा गजर. नाकेदारानं लांबून बघितलं आणि भंडारा उधळत कुठल्या तरी देवाची पालखी येतेय असं समजून बांबू वर केला. आम्ही जवळ आलो तर तो पायातल्या वहाणा काढून हात जोडून उभा होता.

चारी गाड्या नाक्यातून पार झाल्या. मी मनातल्या मनात देवीला खण-नारळ बोलले. आणि एवढ्यात आमचे हे छत्रीखालून बाहेर पडले आणि नाकेदाराला म्हणाले, "ह्यो द्येव न्हाई, माल हाय. दाखला करा."

नाकेदाराचा चेहरा उतरला. तो म्हणाला, मी नमस्कार केलाय, आता जकात कशी घेऊ? हे म्हणाले, सरकारी मुलखात असो की संस्थानात, मी चोरून माल नेणार नाही. तो म्हणाला, कुठं चाललाय माल? हे म्हणाले, बसऱ्याला. बसरा मिरजेच्या अलीकडं की पलीकडं, असं त्यानं विचारलं, आणि हे जमिनीवर काठीनं नकाशा काढू लागले. खरा माणूस नवरा म्हणून चांगला असतो, पण दुपारपर्यंत डबा भरायचा असेल तेव्हा तो कुणाच्याही वाट्याला येऊ नये. सूर्य डोक्यावर यायला आला होता. मी भावाकडं बघितलं, भावानं माझ्याकडं बघितलं. आम्ही गाड्या पुढं काढल्या आणि यांना नाक्यावर सोडून दिलं.

स्टेशनात पोचलो तेव्हा मालबाबू डब्याचं दार लावायच्या बेतात होता. मालक कोण, म्हणून त्यानं विचारलं. पन्नासभर पिवळी माणसं माझ्याकडं बघू लागली. मी पुढं होऊन म्हटलं, मालकीण मी आहे, आणि सातवी पास सही केली. एवढे हात होते, की पोरांनी गाडी मागं सरकवत थेट डब्याच्या दाराला भिडवली आणि पोती हातोहात आत गेली. हे दाखला घेऊन धापा टाकत आले तेव्हा शेवटचं पोतं आत जात होतं. त्यांनी डब्यात डोकं घालून बघितलं, बाण बघितले, मग मला विचारलं की फलाटावर पोती कुठं उतरवली होती. मी म्हटलं, कुठंच नाही.

"एकदाबी टेकलं न्हाई?"

मी मान हलवली. यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं तशी नजर मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. पण चारचौघांत काय बोलणार? त्यांनी सगळ्यांना स्टेशनाबाहेर भेळ आणि चहा दिला, आणि काकांनी देवीच्या वारी बाहेरचं खात नाही म्हणून दोनदा चहा घेतला.

पावसाळा गेला. दिवाळी झाली आणि एके दिवशी सांगलीचा आडत्या आमच्या ओट्यावर येऊन बसला. हळद पोचली होती. कोरडी, एकही पोतं न फुटता. व्यापारी खूश होता, दरसाल माल हवा होता. मी आत चहा ओतत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. मग आडत्या म्हणाला, आणखी एक निरोप आहे. माल इतका नीट पाठवणारा माणूस त्या व्यापाऱ्याला आपल्या पेढीवर हवा होता. राहायला घर, चांगला पगार, सुभेदारांनी लवकर निघावं. ह्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं.

चहा माझ्या हातून सांडला तो सांडलाच. हळद राहिली असती तरी नवरा जाणार होता, आणि आता हळद गेली तरी तो जाणारच होता. मग मी त्या येशीत पदर खोचून काय मिळवलं? मी सांडलेला चहा पुसत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि त्यांच्यापुढं रडायचं नाही असं मी लढाईच्या वर्षांत ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे मळ्यात गेल्यावर मी त्यांची फौजेतली लोखंडी पेटी माळ्यावरून खाली ओढली. त्यातले कपडे काढून खुंटीला लावले आणि पेटीत काठोकाठ नवी बाजरी ओतली. नवी बाजरी घरात आलेली होतीच. पेटी एवढी जड झाली की मला ती भिंतीला सरकवता येईना. बघू आता कशी उचलता, असं मनाशी म्हणत मी चुलीपुढं जाऊन बसले.

दुपारी हे आले. कपडे खुंटीला बघितले, पेटी बघितली, झाकण उघडलं. बाजरीत हात घातला आणि मूठभर काढून बराच वेळ चोळत उभे राहिले. मी भाकरी थापत होते.

"पेटी रिकामी कर," ते म्हणाले.

मी मान वर न करता भाकरी तव्यात टाकली.

ते मूठ नाकाशी नेऊन वास घेत म्हणाले, "नवी बाजरी हाय. पत्र्यात घाम धरंल, कुबट हुईल. आदी दोन दिस ऊन दाव, मग ह्याच पेटीत भर. आन् तळाला कडूलिंबाचा पाला घाल. वरीसभर काय हुत न्हाई."

मग ते पाट ओढून जेवायला बसले. तव्यातली भाकरी करपली होती, ती त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.